समोरची खिडकी

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. बिऱ्हाडं पांगली; कुणी कोलशेतला गेलं, कुणी कळव्याला, आम्ही खोपटला भाड्याने आलो. सामान हललं, पण किल्ल्या अजून आमच्याकडेच होत्या. बिल्डरची माणसं दारं-खिडक्या काढायला येण्याआधीच्या त्या रिकाम्या दिवसांत भाचीचा फोन आला. ती मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘मावशी, तुझं जुनं घर शूटिंगला देशील? भिंती खराब झाल्या तर चालतील ना?’ कशाने खराब होणार, असं विचारलं तर म्हणाली, ‘रक्ताने.’ तिला आणि तिच्या मित्रमैत्रिणींना वीस मिनिटांचा स्लॅशर, म्हणजे सुरा घेऊन एकेकाच्या मागे लागणाऱ्या खुन्याचा सिनेमा, करायचा होता. गोष्ट अशी, की एक इमारत रिकामी होते आहे. तिथेच लहानाचे मोठे झालेले एक मुलगा आणि एक मुलगी शेवटच्या रात्री एका मोकळ्या घरात भेटतात, कारण एरवी त्यांना भेटायला जागाच नाही. आणि जिन्यात रेनकोट घातलेलं कुणीतरी उभं आहे. मी लगेच हो म्हटलं. माझं सगळं आयुष्य ज्या घरात गेलं, ते पडण्याआधी तिथे कुणी प्रेमात पडणार होतं आणि कुणी जीव मुठीत धरून पळणार होतं, हे मला मनापासून आवडलं.

रक्त माझ्याच ओट्यावर तयार झालं. जांभळी नाक्यावर केकचं सामान मिळतं तिथून लिक्विड ग्लुकोजचा डबा आणला. ते इतकं घट्ट असतं की चमचा उभा राहतो, म्हणून कोमट पाणी घालून सैल केलं. त्यात खायचा लाल रंग घातला तर झालं गुलाबी सरबत. मग चाळणीतून कोको पावडर, आणि काडीपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल एवढाच निळा रंग. पांढऱ्या बशीत थोडं ओतायचं, बशी तिरकी करायची आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये ओघळाची कड बघायची. कड गुलाबी दिसली की आणखी कोको. त्या मुली ज्या गंभीरपणे हे करत होत्या त्या गंभीरपणे मी त्यांना कधी चहासुद्धा करताना पाहिलेलं नाही. ‘सायको’ कृष्णधवल होता, त्यामुळे १९६० साली त्यात चक्क चॉकलेट सिरप वापरलं होतं, हे भाचीने ढवळता ढवळता सांगितलं. दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये गेलो तर भिंतीवरच्या रक्तापाशी मुंग्यांची रांग लागलेली. कॅमेरा धरणाऱ्या मुलाने ती रांगही टिपून घेतली.

पहिल्या रात्री खुनाचा प्रसंग होता. नायिका तिसऱ्या मजल्यावरून खाली धावत येते, जिन्याच्या वळणावर रेनकोटवाला तिला गाठतो, ती किंचाळते. ती मुलगी अशी किंचाळली की माझ्या पोटात गोळा आला, आणि मी तर तिच्या मागेच आरसा धरून उभी होते. समोरच्या इमारतीतले दिवे लागले. गॅलरीत माणसं आली, पोरं कठड्यावर चढून बघायला लागली, कुणीतरी वरून ओरडून विचारलं, ‘कुठल्या चॅनलला दिसणार?’ एका घरातून चहाची किटली आली. साडेअकरा वाजेपर्यंत आमच्या गल्लीत खून चालला होता आणि सगळ्यांनी तो आनंदाने पाहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रेमाचा प्रसंग घ्यायचा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कट्ट्यावर दोघं बसतात, मुलगा तिच्या मांडीवर डोकं ठेवतो आणि ती त्याला सांगते की लहानपणी या खिडकीतून ती त्याला शाळेत जाताना बघायची. एवढंच. कॅमेरा लावून होतो न होतो तोच माझा फोन वाजला. समोरच्या काकू होत्या. ‘अगं, तुझ्या घरात काय चाललंय? इथून सगळं दिसतं. आमच्याकडे लहान मुलं आहेत.’

किंचाळीनंतर मला कुणाचाही फोन आला नव्हता.

हे माझ्या मनातून जाईना. काकूंचा राग नव्हता आला. त्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं आहे, आणि त्या दिवशीही त्यांचा आवाज चिडलेला कमी, घाबरलेला जास्त होता. त्या कशाला घाबरल्या असतील? मुलांनी लगेच खिडकी बंद करून प्रसंग आतल्या खोलीत हलवला. तिथे उजेड नीट नव्हता, कट्टा नव्हता, शाळेत जाणारा रस्ता दिसत नव्हता, आणि मघाशी सहज बसलेली ती दोघं आता गेस्ट हाऊसमध्ये धाड पडल्यासारखी अवघडून बसली. तो टेक वाया गेला. पण ते अवघडलेपण मी ओळखलं. या असल्या स्वस्त, रक्तबंबाळ सिनेमांत मी लहानपणापासून जे बघत आले ते तेच होतं; आजवर मी त्याला सुऱ्याची भीती समजत होते.

आमच्या इमारतीत गणपतीत किंवा दिवाळीच्या सुट्टीत वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर यायचा. तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत सतरंज्या पडायच्या. आधी एखादा धार्मिक, मग मारामारीचा, आणि मध्यरात्र उलटल्यावर, मुलं झोपली असं समजून, भुताचा. ‘पुराना मंदिर’ १९८४ चा. तो मी तिथेच पाहिला, आईच्या पाठीआडून, कॅसेट घासल्यामुळे पडद्याच्या तळाशी थरथरणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांसकट. त्यातला राक्षस सामरी आला, त्याचे ते डोळे आले, मुंडकं आलं, पेटी उघडली. तेव्हा मोठी माणसं म्हणायची, ‘बघ, बघ, खोटं असतं ते.’ पण नायक-नायिका एकमेकांच्या जवळ आली की लसणाचा वास असलेला आईचा तळवा माझ्या डोळ्यांवर यायचा. त्या तळव्याआडून मी गाणं ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. आईने काही वावगं केलं असं मला वाटत नाही; इमारतीतल्या सगळ्याच आया तसं करायच्या. पण काय खोटं म्हणून बघायचं आणि काय खरं म्हणून झाकायचं, ही वाटणी माझ्या मनात त्या सतरंजीवर पक्की झाली.

‘पुराना मंदिर’ करणाऱ्या रामसे बंधूंबद्दल बोलताना लोक हसतात. मला ते हसणं आवडत नाही. सात भावांनी कामं वाटून घेतली होती: तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, कुमार लेखन, अर्जुन संकलन, केशू निर्मितीचं बघायचा. ‘दो गज ज़मीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला मुक्काम ठोकून केला. घरची माणसंच सोबत, बडे नट नाहीत, उभारलेला महाल नाही. आणि ‘पुराना मंदिर’ची गोष्ट मुखवटा आणि धूर बाजूला सारून नुसती ऐका. ठाकूरच्या पूर्वजाला सामरीने शाप दिलेला आहे, की तुझ्या घराण्यातली प्रत्येक मुलगी बाळंतपणात मरेल. ठाकूरची मुलगी कॉलेजातल्या एका मुलाच्या प्रेमात आहे. बाप म्हणतो, लग्न नाही. मग ती दोघं आणि त्यांचं एक मित्रजोडपं त्या जुन्या हवेलीत जाऊन शापाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवतात. म्हणजे भूत पडद्यावर यायच्या कितीतरी आधी सगळी भीती जमून आलेली आहे: बाप नको म्हणतोय, आणि मुलीच्या प्रेमाचा शेवट मरणात होणार हे घराण्यात आधीच लिहून ठेवलंय. आमच्या सतरंजीवर बसलेल्या किती मोठ्या मुलींना ही गोष्ट भुताची वाटली असेल, मला शंका आहे. शेजारच्या बिऱ्हाडातली ताई त्याच वर्षी घरातून निघून गेली होती आणि तिच्या आईने पुढे कधीच तिचं नाव घेतलं नाही.

प्रेम आणि भीती एकत्र का येतात याचं एक साधं उत्तर पैशाचं आहे, आणि ते खोटं नाही. कमी पैशात सिनेमा करायचा तर माणसं थोडी हवीत, जागा एक हवी, रात्र हवी. प्रेमाला सेट लागत नाही. दोन माणसं आणि एक झाड पुरतं. पण ती दोघं प्रेक्षकाला आधी आवडली पाहिजेत, नाहीतर सुरा चालला काय आणि न चालला काय. असे ढिगाने सिनेमे आहेत ज्यांना हे कळलं नाही, किंवा कळून घ्यायचंच नव्हतं. त्यात प्रेम म्हणजे नायिकेला पाण्याखाली भिजवण्याचं निमित्त, आणि भिजली की तिला मारायचं. नव्वदच्या दशकात सकाळच्या खेळांना लागणारे कितीतरी सिनेमे असे होते. त्यांची पोस्टरं शाळेच्या वाटेवर होती, आम्ही मुली खाली मान घालून त्यांच्यासमोरून जायचो. त्यांच्याबद्दल मला जराही प्रेम नाही, आणि असे सिनेमे म्हणजेच हा सगळा प्रकार, असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

भाचीमुळे मी ‘हॅलोविन’ पुन्हा पाहिला. १९७८ चा, जॉन कारपेंटरचा, साधारण सव्वातीन लाख डॉलरांत केलेला. कॅलिफोर्नियात वसंत ऋतू होता आणि गोष्ट पानगळीची, म्हणून रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करायची, पुढच्या रस्त्यावर पुन्हा पसरायची. खुन्याचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा मुखवटा, पांढरा फासलेला. हे सगळं भाचीच्या गटाला पाठ आहे आणि त्यातून त्यांना धीर येतो. मला मात्र त्याची सुरुवात छळत राहिली. कॅमेरा म्हणजे कुणाचे तरी डोळे आहेत. हे डोळे अंधारातून एका घरापाशी येतात आणि खिडकीतून आत बघतात. आत सोफ्यावर एक मुलगी आणि तिचा मित्र. दोघं वर जातात, वरचा दिवा विझतो. डोळे घराला वळसा घालून मागच्या दाराने आत शिरतात, स्वयंपाकघरातून सुरी उचलतात, मित्र निघून जाईपर्यंत थांबतात, आणि मग मुलीला मारतात. मित्राला हात लावत नाहीत. मुखवटा ओढून काढला जातो तेव्हा कळतं की तो तिचा सहा वर्षांचा भाऊ आहे.

भाऊ.

हे मी तरुणपणी पाहिलं तेव्हा अमेरिकेतल्या एका वेड्या पोराची गोष्ट म्हणून पाहिलं होतं. आता, काकूंच्या फोननंतर, मला ते बघवेना. खिडकीतून बघणारा, बहीण कुणाबरोबर बसली आहे हे पाहणारा, आणि त्या मुलाला सोडून बहिणीला मारणारा भाऊ. आपल्या वर्तमानपत्रांत तो असतो. तिथे तो सहा वर्षांचा नसतो, मुखवटाही घालत नाही, आणि बातमीत गावाचं, तालुक्याचं नाव असतं. कारपेंटरने सांगितलं आहे की प्रेम करणाऱ्या मुलींना शिक्षा व्हावी असं काही त्याला सुचवायचं नव्हतं. त्या आपल्याच नादात असतात आणि म्हणून त्यांना खुनी दिसत नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवते. पण त्याने आपल्याला उभं केलं ते त्या बघणाऱ्याच्या जागी. आपण खिडकीबाहेर आहोत, आत उजेडात दोन माणसं सुखात आहेत, आणि त्यांना ठाऊक नाही की कुणी बघतंय. आमच्या गल्लीत, दोन इमारतींमधल्या दहा-बारा फुटांत, हे रोज संध्याकाळी घडत आलेलं आहे.

उपवनच्या कट्ट्यावर किंवा येऊरच्या चढावर जोडपी बसतात तिथे जरा लक्ष देऊन बघा. त्यांची नजर एकमेकांकडे असते त्याहून जास्त रस्त्याकडे असते. रिक्षा थांबली की मुलीचा हात आपोआप ओढणीकडे जातो. स्कूटरवरून जाणाऱ्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून सगळा चेहरा स्कार्फने बांधतात. ऊन आणि धूर ही कारणं खरीच आहेत, पण सूर्य बुडाल्यावर वाशीच्या मिनी सीशोरवर बसलेल्या मुलीने तो स्कार्फ सोडलेला नसतो तेव्हा कारण दुसरं असतं. त्या सिनेमांत मुखवटा मारणाऱ्याच्या तोंडावर असतो. इथे प्रेम करणारी मुलगी तो बांधून घराबाहेर पडते. येऊरला बिबट्या आहे, सगळ्यांना माहीत आहे, संध्याकाळी अंधार पडायला लागला की तिथून निघावं हेही माहीत आहे. पण त्या मुलीला विचारलं की कशाला घाबरतेस, तर ती बिबट्या म्हणणार नाही. ती म्हणेल, ओळखीचं कुणी दिसायला नको.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, आणि भीती व आकर्षण हा विषय आला की वर्ग एकदम जागा होतो. १९७४ मध्ये डटन आणि ॲरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानोच्या उंच, हलणाऱ्या झुलत्या पुलावर प्रयोग केला. पुलावर पुरुषांना एक तरुणी भेटायची, एक छोटी प्रश्नावली भरून घ्यायची आणि आपला फोन नंबर द्यायची. दुसऱ्या, कमी उंचीच्या भक्कम पुलावर ती ज्यांना भेटली त्यांच्यापेक्षा झुलत्या पुलावरच्यांनी तिला नंतर जास्त फोन केले. धडधड पुलाची होती, ती त्यांनी तिच्या नावावर मांडली. १९८६ मध्ये डॉल्फ झिलमन आणि सहकाऱ्यांनी तरुण मुलामुलींच्या जोड्यांना एका स्लॅशरमधला भाग दाखवला. शेजारची मुलगी घाबरली तर मुलांना तो जास्त आवडला. शेजारचा मुलगा घाबरला तर मुलींना कमी आवडला. मी हे शिकवते, मुलं हसतात, नोंदी घेतात. पण या दोन्ही प्रयोगांत भीती बाहेरून आणलेली आहे, पुलावरून किंवा पडद्यावरून. माझी आत्तेबहीण लग्न ठरायच्या आधी होणाऱ्या नवऱ्याबरोबर वंदना टॉकीजला एका भुताच्या सिनेमाला गेली होती. टॉकीज कधीच गेलं, एसटीचा थांबा तेवढा अजून त्या नावाने ओळखला जातो. ती म्हणते, सिनेमातलं मला काहीही आठवत नाही, फक्त हाताचा घाम आठवतो. आणि तो घाम सिनेमाचा नव्हता, मध्यंतरात दिवे लागतील तेव्हा मागच्या रांगेत कोण बसलेलं निघेल याचा होता. दिवे लागायच्या आधीच तिने हात सोडवून घेतला होता. भुताच्या सिनेमाचा फायदा इतकाच होता, की अंधारात हात धरलेला कुणी पाहिलाच तर सांगायला कारण होतं.

या सगळ्या जातकुळीत माझा सगळ्यात आवडता सिनेमा कॅनडाचा आहे, १९८१ चा ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’, जॉर्ज मिहाल्काचा. खाणीवर जगणारं एक लहान गाव. वीस वर्षांपूर्वी व्हॅलेंटाइनच्या नाचाला जायच्या घाईत मुकादमांनी खाणीतला वायू तपासला नाही, स्फोट झाला, माणसं गाडली गेली. वाचलेल्या एकाने वर्षभराने सूड घेतला आणि बजावलं की पुन्हा हा नाच करायचा नाही. म्हणून गावात वीस वर्षं प्रेमाचा सण बंद. आता तरुण मुलं तो पुन्हा करायचं म्हणतात, आणि मिठाईच्या हृदयाच्या आकाराच्या डब्यातून खरं काळीज येतं. पण मला धरून ठेवतात ती तीन माणसं: गाव सोडून गेलेला आणि अपयशी होऊन परत आलेला खाणमालकाचा मुलगा, त्याने मागे टाकलेली मुलगी, आणि मधल्या काळात तिच्यावर जीव लावलेला त्याचा मित्र. त्या मुलीला दोघांबद्दल काहीतरी वाटतं, आणि ती ते लपवत नाही. खाणीच्या मुखाशी, टेकडीवर, बारमध्ये, ती तिघं एकमेकांना जे लागट बोलतात ते कुठल्याही कामगार वस्तीतलं वाटतं. वागळे इस्टेटमध्ये कारखाने होते तेव्हाचं वाटतं. चित्रीकरण खऱ्या खाणीत झालं. पाहुणे येणार म्हणून खाणवाल्यांनी ती आधी स्वच्छ करून रंगवून ठेवली होती, आणि ती पुन्हा कळकट करण्यात निर्मात्यांचे पैसे गेले. खाली वायूच्या धोक्यामुळे दिवेही मंदच लावता येत होते, त्यामुळे तिथला अंधार खरा आहे.

त्या सिनेमाचं पुढे काय झालं ते मला काकूंच्या फोनमुळे नव्याने महत्त्वाचं वाटलं. अमेरिकेच्या प्रमाणन मंडळाने तो कापायला लावला; सुमारे नऊ मिनिटं गेली, जवळजवळ सगळी रक्ताची. प्रेमाचा त्रिकोण तसाच राहिला. त्यातला काही भाग २००९ मध्ये प्रेक्षकांना परत मिळाला. तिथे कात्री रक्ताला लागली. नौपाड्यात, कुठलंही मंडळ नसताना, एका फोनवर मांडीवरचं डोकं गेलं आणि रक्त शाबूत राहिलं. मी अमेरिकेचं कौतुक करत नाही. तिथेही प्रेम करणारी जोडपीच आधी मरतात. २०२५ मध्ये आलेल्या ‘हार्ट आइज’मध्ये तर खुनी व्हॅलेंटाइनला जोडप्यांनाच लक्ष्य करतो. एका कचेरीतले दोघं जोडपं नसताना त्याला तसे दिसतात आणि त्यांच्या मागे लागतो. पळता पळता ती खरोखरच एकमेकांच्या प्रेमात पडतात. हा सिनेमा चांगल्या पैशांचा आहे, चकचकीत आहे, मला तितकासा भिडला नाही. पण बाहेरच्या माणसाने दोघांना जोडपं ठरवणं आणि त्यासाठी त्यांच्यावर धावून जाणं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला पार्कातल्या बाकावर बसल्याचा अनुभव असणार.

आपल्याकडे मात्र एक गोष्ट वेगळी घडते आणि मला ती फार मोलाची वाटते. आपण भीती विसरतो आणि प्रेम ठेवतो. ‘गोमू संगतीनं’ हे गाणं लग्नात वाजतं, कोळीनृत्याच्या स्पर्धेत वाजतं, चेंदणी कोळीवाड्याच्या मिरवणुकीत मी ऐकलेलं आहे. ते १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मधलं आहे, म्हणजे एका घाबरवणाऱ्या सिनेमातलं, हे नाचणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत असतं? सुधीर मोघ्यांचे शब्द आणि हृदयनाथांची चाल भुताला मागे टाकून पुढे निघून आली. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचंही तेच झालं. पहिल्या भागात कोण मेलं आणि कुणी मारलं हे आज लोकांना आठवावं लागतं, पण अण्णा आणि शेवंता विचारा. माझ्या आईच्या वयाच्या बायका, ज्यांनी आमच्या डोळ्यांवर तळवे ठेवले होते, रोज रात्री जेवणं लवकर उरकून त्या शेवंतेसाठी बसायच्या. एक लग्न झालेला, क्रूर माणूस आणि त्याच्यापायी वाया गेलेली ती बाई. त्यांना ती वाईट आहे हे ठाऊक होतं, आणि ती आली की त्या बोलायच्या थांबायच्या. भुताची मालिका होती म्हणून त्यांना ते बघता येत होतं. नुसती शेवंतेची गोष्ट असती तर घरातल्या मुलांसमोर त्यांनी चॅनल बदललं असतं.

काकूंकडे मी नंतर गेले. शूटिंगबद्दल मी काही काढलं नाही, त्यांनीच काढलं. म्हणाल्या, ‘मला काही नाही गं. पण उद्या कुणी म्हणालं असतं, की त्या घरात असलं चालतं, तर तुझंच नाव खराब झालं असतं.’ मग थोड्या वेळाने, पोह्यांची बशी पुढे सरकवत, ‘आमचं ठरल्यावर आम्ही तलावपाळीला दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळी सासूबाई बरोबर.’ त्या हसल्या नाहीत. त्यांच्या खिडकीतून आमचं स्वयंपाकघर खरंच सगळं दिसतं. मी पहिल्यांदाच त्या बाजूने पाहत होते. दिवा लावलेला असता तर ओट्यावरची बरणीसुद्धा ओळखू आली असती. इतकी वर्षं त्यांनी इथून काय काय पाहिलं असेल आणि आईला कधी सांगितलं नसेल, हेही मनात आलं. मी एकोणीस वर्षांची असताना त्या कट्ट्यावर एक मुलगा माझ्या भौतिकशास्त्राच्या वह्या परत करायला येऊन बराच वेळ बसायचा. त्याबद्दल आमच्या घरी कधी फोन आला नव्हता.

प्रेमाचा प्रसंग मुलांनी परत घेतला, त्याच कट्ट्यावर, खिडकी उघडी ठेवून. मी काकूंना आधी सांगून ठेवलं होतं. तो चांगला झाला आहे. मुलगी शाळेच्या रस्त्याची गोष्ट सांगताना मध्येच बाहेर बघते आणि थांबते, ते लिहिलेलं नव्हतं. तिने सांगितलं की समोर खरंच कुणी पडदा सरकवला होता. भाचीने तेवढं ठेवलं आहे.

आता आमचं भांडण शेवटावरून आहे. तिला वाटतं मुलगा मेला पाहिजे. स्लॅशरमध्ये शेवटी एकटी मुलगी उरते, तिच्या अभ्यासक्रमात कॅरॉल क्लोव्हर यांचा १९८७ चा निबंध आहे, ज्यात या उरलेल्या मुलीला ‘फायनल गर्ल’ हे नाव मिळालं: जी सावध असते, जी बघते, आणि अखेर मुलगे प्रेक्षकसुद्धा जिच्या बाजूने होतात ती. मी तो निबंध वाचलाय, तो मला पटतो. पण ज्या सिनेमांवर तो आहे त्यांत ती मुलगी वाचते म्हणजे एकटी वाचते, आणि एकटं असणं हा तिचा विजय असतो. भाचीच्या गोष्टीतली मुलगी एकटी वाचली तर पहाटे खाली उतरून त्याच घरी जाणार, त्याच माणसांत, आणि तिथे तिला कुणी विचारणार नाही की रेनकोटवाला कोण होता. विचारणार की तू रात्री त्या रिकाम्या घरात काय करत होतीस आणि तुझ्याबरोबर कोण होतं. जो होता तो मेलेला असेल, म्हणजे उत्तर द्यायला ती एकटी. मी तिला म्हटलं, दोघांना वाचव. ती म्हणाली, ‘मावशी, दोघं वाचली तर मग भीती कुठे राहिली?’ मी म्हटलं, जिन्यात. साडेपाच वाजलेत, दूधवाला आलाय, समोरच्या इमारतीत दिवे लागलेत, आणि त्या दोघांना रक्ताने माखलेल्या कपड्यांत एकत्र खाली उतरायचं आहे. तो प्रसंग मला बघायचा आहे. आजवर कुणीच मला तो दाखवलेला नाही. ती म्हणाली, विचार करते, पण दारं काढायला माणसं येताहेत, त्याआधी काय ते ठरवायला हवं, आणि रक्त पुन्हा करावं लागेल.